मागच्या डाव्या चाकाचा आळ

साताऱ्यात कुणावर चोरीचा आळ आला की माझ्या दारात दोन तऱ्हेची माणसं येतात. एकानं काही केलेलं नसतं, तो रडतो. दुसऱ्यानं केलेलं असतं, तो मला कायद्याची कलमं विचारतो. राजाराम खरात ह्या दोन्हींत बसला नाही, कारण तो आलाच नाही. त्याची बायको मुक्ताबाई आली. चप्पल बाहेर काढली आणि उंबऱ्यातच बसली.

"ताई, मी आल्याचं त्यास्नी सांगू नका. माझं मी बघतो म्हणत्यात. आन् बघत काय न्हाईत. सकाळपासनं नुसतं बुटाला पालिश करत बसल्यात."

"आळ कसला आहे?"

"चाकातलं काय तरी चोरलं म्हणं."

"म्हणजे चाक?"

"चाक न्हाई. चाकाच्या आतलं."

चाकाच्या आत हवा असते एवढं मला ठाऊक होतं. हवेच्या चोरीची तक्रार माझ्याकडं तोवर आली नव्हती. घरकामाच्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर ह्यांची भांडणं मी भांडते. बांगडी, गॅसची टाकी, डिझेल, मालकाचं घड्याळ एवढ्या चोऱ्या मला तोंडपाठ आहेत. ही नवी होती. म्हणून मी चहा टाकला आणि मुक्ताबाईला आत बोलावलं.

राजाराम मूळचा माणचा, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीचा. तिथल्या पोरांना दोनच वाटा, मुंबई नाहीतर पलटण. राजारामनं पलटण धरली. बर्फात ट्रक चालवले, वाळूत चालवले, हवालदार होऊन बाहेर पडला आणि साताऱ्यात आमच्या मागच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधलं. तिथं त्याला राजाराम कुणी म्हणत नाही. हवालदारच म्हणतात.

आणि हा माणूस जगात कुणावर विश्वास ठेवत नाही. पेट्रोल पंपावर गाडीतून उतरतो, मशीनच्या काचेजवळ तोंड नेऊन शून्य बघतो आणि मग पंपावरच्या माणसाच्या हाताकडं बघत उभा राहतो. गॅसची टाकी आली की दारातल्या काट्याला लटकवतो. टाकी आणणारा पायरीवर ताटकळतो. दूधवाल्याला त्यानं माप बदलायला लावलं. आमच्या संघटनेची वर्गणी दिली तेव्हा पावतीवरची माझी सही उजेडाला धरून बघितली आणि विचारलं, "ह्याचं करता काय तुमी?" मला असा राग आला की पावती परत हिसकावून घ्यावी. पण तो हिशोब ऐकून घेईपर्यंत हलला नाही, आणि ऐकल्यावर "बरं" एवढंच म्हणाला. मुक्ताबाई सांगते, लग्नात हार घालताना ह्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं बघितलं, मला वाटलं, परत पाठवत्यात.

असा माणूस भाऊसो जगदाळ्यांकडं ड्रायव्हर होता. भाऊसो रस्त्याचे ठेकेदार. एमआयडीसीच्या मागं त्यांचं यार्ड आहे, डंपर, रोलर, खडीचे ढीग. रस्त्याचा ठेकेदार म्हटलं की माझ्या डोक्यात आधीच घंटा वाजते. पण पगार वेळेवर देतात असं राजाराम म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून हे प्रमाणपत्र मिळणं सोपं नाही.

भाऊसोंनी नवी मोठी गाडी घेतली. मुलीचा साखरपुडा आला. कंपनीची चाकं त्यांना साधी वाटली. कुणीतरी सांगितलं, सांगलीत एक दुकान आहे, काळी चकचकीत अलॉयची चाकं मिळतात. राजाराम गाडी घेऊन सांगलीला गेला आणि नवी पाच चाकं बसवून आणली, चार रस्त्यावरची आणि पाचवी स्टेपनी. टायर तेच ठेवले, आतली लोखंडी डिस्क तेवढी बदलली.

आता ह्या नव्या गाड्यांची गंमत. चाकात जिथून हवा भरतात, त्या व्हॉल्वच्या बुडाशी आतून काडेपेटीपेक्षा लहान एक डबी बसवलेली असते. तिला सेन्सर म्हणतात. ती आतली हवा मोजते आणि गाडीला कळवते. समोरच्या पडद्यावर चारी चाकांचे आकडे दिसतात, हवा उतरली की पिवळा दिवा लागतो. कंपनीची चाकं काढून बाहेरची घातली तर ह्या डब्या जुन्यातनं काढून नव्यात घालाव्या लागतात. नाही घातल्या तर गाडीला चाकात काय चाललंय ते कळतच नाही. सांगलीवाल्यानं त्या घातल्या होत्या. साताऱ्याला परत येताना चारही आकडे पडद्यावर होते, हे राजारामनं स्वतः बघितलं होतं. तो बघणार नाही तर कोण बघणार.

महिनाभर सगळं ठीक होतं. मग राजाराम चुलतभावाच्या घरी लग्नाला गावाकडं गेला. तेवढ्या दिवसांत भाऊसोंच्या पुतण्यानं गाडी घेतली आणि मित्रांना घालून महाबळेश्वरला नेली. राजाराम परत आला तर पिवळा दिवा लागलेला, आणि मागच्या डाव्या चाकाच्या जागी आकड्याऐवजी दोन रेघा. गाडी कंपनीच्या सर्व्हिसला दाखवली. तिथल्या माणसानं हातातलं यंत्र चाकाजवळ धरलं आणि सांगितलं, बाकी तीन बोलतायत, ह्या चाकात सेन्सरच नाही.

सांगलीला फोन गेला. तिकडून उत्तर आलं, मी चार घातले होते, चारी चालू करून दिले होते.

मग भाऊसोंनी यार्डात, डंपरवाले चहा पीत बसले असताना, सगळ्यांच्या देखत राजारामला विचारलं, "खरात, डबी कुणाला विकली ते सांग. मी रागावणार नाही."

हे वाक्य मी मुक्ताबाईच्या तोंडून दोनदा ऐकून घेतलं. चोरी केली का, असं विचारलं असतं तर नाही म्हणता येतं. हे वाक्य चोरी झालीच असं धरून पुढं गेलं होतं. आणि वर माफीही देऊन टाकली होती. मला अशी वाक्यं ओळखू येतात.

राजाराम "जी साहेब" एवढंच म्हणाला. भाऊसोंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. डबी आण, नाहीतर किल्ली ठेव.

"आन् पुतण्याला कुणी विचारलं का?" मी मुक्ताबाईला म्हटलं.

"त्यो घरातला हाय की, ताई."

घरातला कोण आणि बाहेरचा कोण, ही रेघ आमच्या जिल्ह्यात कुठून कुठं जाते ते मी लिहायला बसले तर मूळ गोष्ट राहील. राजारामच्या घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, एवढं सांगते. बाकीचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

मी तशीच उठून त्याच्या घरी गेले. तो खरंच बूट घासत होता. बुटात तोंड दिसत होतं, तरी घासत होता.

"हवालदार, तुम्ही घेतली का ती डबी?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. "तुमास्नी काय वाटतं?"

"मला वाटण्याचं सोडा. मी सगळ्यांना हेच विचारते."

"न्हाई घेतली."

"मग कुणी?"

"पयला पुतण्या. मग सांगलीवाला. मग ते सर्व्हिसचं पोरगं, ते यंत्र धरताना माज्याकडं बघत नव्हतं." संशयितांना त्यानं हुद्द्याप्रमाणं रांगेत उभं करून ठेवलं होतं.

"हे साहेबांना सांगितलंत?"

"पुरावा न्हाई. पुराव्याबिगर कुणाचं नाव घ्यायचं न्हाई."

"तुमचं घेतलंच की त्यांनी."

त्यानं ब्रश परत उचलला. मुक्ताबाई आतून म्हणाली, "तिथं बोलायचं तर बोलले न्हाईत. आन् हितं मला म्हणत्यात, दुसरीकडं नोकरी बघायची न्हाई. चोर म्हणून बाहेर पडलो तर गावात तोंड दाखवायचं न्हाई म्हणत्यात. आता ह्या वयाला ह्यांचा रुसवा मी कुठं धुवत बसू?"

मी भाऊसोंना फोन लावला. मला ते ओळखतात. ओळख चांगली नाही, पण आहे. म्हटलं, शुक्रवारच्या आत गाडी एकदा सांगलीला नेऊन ते चाक दुकानदारासमोर उघडायचं, मी सोबत जाते. भाऊसो लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की मला तेही खटकलं. मग लक्षात आलं, सांगलीवाल्यावरही त्यांचा संशय आहेच, फक्त सांगलीवाला त्यांच्या यार्डात चहा प्यायला बसत नाही.

हायवेला लागलो. उंब्रज गेलं, कराड गेलं. पडद्यावरच्या त्या दोन रेघांकडं आम्ही दोघंही बघत होतो. पेठनाक्याला आत वळल्यावर मी विचारलं, "पुतण्यानं कुणा गॅरेजवाल्याला चाक दिलं असेल?"

"पंक्चर झालं आसल. पंक्चरवाल्यानं टायर सोडवला, डबी काढून घेतली, साधा व्हॉल्व ठोकला. ह्याला कळलं बी नसंल. त्यो मोबाइलमदी."

हे मला पटलं. मी मनात तक्रारीचा मजकूरही जुळवायला लागले.

आष्ट्याला चहाला थांबलो. मी हॉटेलात शिरले, मागं वळून बघते तर राजाराम गाडीच्या मागं गेला, डिकी उघडली, आत वाकला, गालिचा उचलून काहीतरी बघितलं आणि पटकन बंद केली. चोरून बघितल्यासारखं. तो समोर येऊन बसला तेव्हा मी त्याच्या हाताकडं बघत होते.

"काय होतं डिकीत?"

"स्टेपनी."

"ती कशाला बघायची?"

"हाय का न्हाई ते."

"जाईल कुठं?"

"गेली तर मागनं इच्यारण्यापरीस आदी बघितल्यालं बरं."

चहा पिताना माझ्या डोक्यात आलं, ह्यानंच घेतली असेल तर? मी इतकी वर्षं माणसं बघते. साधी दिसणारी माणसं मला फसवून गेलेली आहेत. बुटाला एवढं पालिश करणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं ते कुणाला ठाऊक. मी सांगलीपर्यंत आता पडद्याऐवजी त्याच्याकडं बघत राहिले.

दुकान मिरजेकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. भिंतीवर खालपासून वरपर्यंत चाकं लटकवलेली, ताटांच्या दुकानासारखी. मालक पारस, तिशीतला, कपाळावर केशराचा टिळा. मी आत शिरायच्या आधीच तो उठला.

"या अक्का. फोन आलता साहेबांचा."

"बसायला आले नाही मी. त्या दिवशी ही चाकं कुणी बसवली?"

"आमीच. आमच्या गुंडा मिस्त्रीनं डिस्क बदलल्या, डब्या मी स्वतः घातल्या."

"आणि गाडी ताब्यात दिली कुणी?"

"गुंडानं."

"तू कुठं होतास?"

"घरी. जेवायला."

"गिऱ्हाईक साताऱ्याहून आलेलं, गाडी द्यायची वेळ, आणि मालक जेवायला?"

"दिवस मावळायच्या आत जेवतो आमी, अक्का. चाकं होईस्तवर ऊन उतरलं हुतं. मी डब्या घातल्या, गाडीला ओळख करून दिली, चार आकडे आलेले बघितले आणि गेलो. अलाइनमेंट आणि स्टेपनी राहिली हुती, ते गुंडानं केलं."

मालक निघून जातो आणि पाठीमागं माल बदलतो, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय. मी गुंडाकडं वळले. पन्नाशीचा दांडगा माणूस, मशीनवर टायर चढवत होता. "काय रं, किती डब्या होत्या?"

"चार काढल्या, चार घातल्या." त्यानं वर बघितलं नाही.

"आणि कुणी बदलल्या नाहीत कशावरून? जुनी काढून दुसरी खोटी घातली असेल."

पारसला राग आला, पण त्यानं तो गिळला. "प्रत्येक डबीला तिचा नंबर असतोय, अक्का. गाडी त्याच नंबरला ओळखते. दुसरी घातली तर तिला परत शिकवावं लागतंय. खोटी घातली असती तर दुकानाच्या दारातच दिवा लागला असता. आणि आमी काढताना खालचं रबराचं वॉशर सुद्धा जुनं घालत न्हाई, नवं घालतो. नट आवळायचा तर हातानं अंदाज घेऊन, जास्त आवळला तर डबीचा गळा मोडतोय. एवढं करून चोरायची कशाला?"

"विकायला."

"मग चारी चोरल्या असत्या की."

राजाराम दाराशी उभा होता, हात पाठीमागं, पाय दोन बाजूंना. कुणीतरी हुकूम सोडेल म्हणून थांबलेला.

पारसनं टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र काढलं आणि एकेका चाकाच्या व्हॉल्वजवळ धरत गेला. पुढचं डावं, नंबर आला. पुढचं उजवं, आला. मागचं उजवं, आला. मागच्या डाव्यापाशी तो गुडघ्यावर बसला, यंत्र धरलं, परत धरलं. काही आलं नाही. त्याचा चेहरा उतरला.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "उघड आता ते चाक."

तेवढ्यात रिक्षातून एक बाई उतरल्या, हातात डब्याची पिशवी. पारसची आई, पद्मावती. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा पोराकडं, एकदा मावळतीकडं बघितलं.

"फोन केला तर उचलत न्हाईस. म्हणून घेऊन आले. भांडण जेवून करा की रं. दिवस बुडला तर हा काय तोंडात घालणार न्हाई आणि रात्रभर मला कूस बदललेली ऐकायला येईल." मग माझ्याकडं वळून, "तुमीबी बसा. चपात्या जास्त आणल्यात."

"मी आरोपीच्या घरचं जेवत नाही," मी म्हटलं.

"आरोपी कोण?" पद्मावतींनी पोराला विचारलं.

"मीच," पारस म्हणाला. तो अजून चाकापाशीच बसला होता. त्यानं व्हॉल्वची काळी टोपी काढली होती आणि बोटानं बुडाजवळचा चिखल खरवडत होता. "अक्का, हा व्हॉल्व रबराचा हाय."

"मग?"

"डबीच्या चाकाला धातूचा असतोय, बुडाला नट असतोय. बाकीच्या तिन्हींना बघा. हा साधा रबराचा गुंडानं एकाच चाकाला घातला हुता. स्टेपनीला." तो उभा राहिला. "ह्या गाडीचं चाक कुणी काढलं हुतं मधी?"

"पुतण्यानं," मी म्हटलं. "महाबळेश्वरला पंक्चर झालं असणार."

"चाक म्या काढलं हुतं," राजाराम म्हणाला.

गुंडानंसुद्धा पहिल्यांदा मान वर केली.

"कधी?" मी विचारलं.

"गावाला जायच्या आदल्या दिवशी. मागच्या डाव्याला रजा दिली."

"रजा?"

त्यानं आमच्याकडं असं बघितलं, जसं काही आम्हीच विचित्र बोलतोय. मग सांगितलं. एवढं सलग बोलताना त्याला मी पहिल्यांदाच ऐकलं. सैन्यात गाड्या चालवताना त्याच्यापुढच्या एका ट्रकचा टायर वर डोंगरात फुटला. स्टेपनी काढली. ती वर्षभर लटकून लटकून वाळलेली, बसवली आणि पाचव्या वळणाला तीही गेली. मागं सगळा ताफा थंडीत उभा. त्या दिवसापासून राजाराम आपल्या गाडीची स्टेपनी पडून राहू देत नाही. दर महिन्याला एक चाक डिकीत जाणार, स्टेपनी त्याच्या जागी ड्युटीवर येणार. पुढच्या महिन्यात दुसऱ्या चाकाची रजा. नोकरी सोडल्यावर जिथं जिथं गाडी चालवली तिथं हेच केलं. कुणाला सांगितलं नाही, कारण तोंड धुतलं हे कुणी सांगत नाही.

"म्या समजलो, पाचीत डब्या हायती," तो म्हणाला. "चार आकडे दिसत्यात कारण चार चाकं रस्त्यावर. मला कुणी सांगितलं न्हाई."

पारसनं गुंडाकडं बघितलं. गुंडा म्हणाला, "गाडी देताना मालक सांगत्यात ते. मी बसवतो." आणि ते खरं होतं. स्टेपनीत डबी नाही, तिचा व्हॉल्व साधा आहे, हे गिऱ्हाइकाला दारात उभं राहून सांगायचं काम पारसचं होतं, आणि त्या दिवशी पारस ताटावर बसला होता.

डिकी उघडली. गालिचा उचलला. पारसनं यंत्र स्टेपनीच्या व्हॉल्वजवळ धरलं. नंबर आला.

राजाराम त्या चाकाकडं बघत राहिला. आष्ट्याला त्यानं हेच चाक जागेवर आहे का बघितलं होतं. डबी चोरीला गेली म्हणून ज्याला यार्डात उभं केलं, त्यानंच ती सातारा ते सांगली जपून आणली होती.

चाक जागच्या जागी बसवायला फार वेळ लागला नाही. पारसनं गाडी थोडी फिरवून आणली, पडद्यावर चौथा आकडा आला, दिवा विझला. मग तो मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "अक्का, मी साहेबांना फोन करतो. आमच्याकडनं बसवताना घोळ झाला म्हणून सांगतो. हवालदारांचं नाव मधी यायला नको."

मी त्याच्याकडं नीट बघितलं. माझ्यासमोर इतकं चांगलं वागणारा माणूस मला नेहमीच घाबरवतो. ह्याला काय मिळणार ह्यातनं? गप्प बसायचं मोल? की साताऱ्याचा ठेकेदार मोठं गिऱ्हाईक आहे, ते तुटू नये म्हणून? पण एवढ्यात राजाराम जवळ आला. त्यानं ऐकलं होतं.

"तुमी केलं न्हाई ते तुमच्या अंगावर कशापायी?"

"तसं थोडं आमचंबी हाय की. सांगायचं मी हुतो."

"सांगायचं राहिलं त्ये येगळं. चाक म्या हलवलं."

त्यानं फोन काढला, भाऊसोंना लावला आणि स्पीकर लावून सगळ्यांना ऐकू येईल असा बोलला. काय झालं, कसं झालं, कुणी केलं. रिपोर्ट दिल्यासारखं. पलीकडं भाऊसोंचं हसू.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच. शेवटी तूच निघालास."

"केलं म्या, साहेब. घेतलं न्हाई."

"बरं बरं. ये आता. मिटलं."

फोन बंद झाला. पद्मावतींनी तेवढ्या वेळात ताटं मांडली होती. राजाराम हात धुऊन बसला आणि जेवला. मी जेवले नाही, चहा घेतला. आणि पारसला सांगितलं, स्टेपनीत सेन्सर नसतो, चाकं हलवू नका, अशी मोठ्या अक्षरात पाटी लाव. दुकानात तू अस की नस. तो लावतो म्हणाला. लावली का नाही ते मी सांगलीला गेले की बघणार आहे.

परत येताना मी राजारामला म्हटलं, "मिटलं म्हणाले साहेब. सुटलात."

"कुणाचं मिटलं?"

"तुमचं."

"डंपरवाल्यांच्यात काय मिटलं? त्यांनी 'विकली' एवढंच ऐकलंय."

मी म्हटलं, लेखी मागा. मी मजकूर देते. त्यानं मान हलवली. "कागद पेटीत ऱ्हातो. त्या लोकांनी कानानं ऐकलंय."

शुक्रवारी सकाळी मी यार्डात गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. राजारामनं गाडी मधोमध उभी केली होती, काच पुसलेली, चाकांवर पाण्याचा थेंब नाही. डंपरवाले चहाला जमले होते, तेव्हाच. भाऊसो ऑफिसातनं बाहेर आले, घाईत होते.

"चल खरात. कराडला पोचायचंय."

राजाराम हलला नाही. किल्ली त्यानं हातात धरली होती, पुढं केली नव्हती आणि खिशातही घातली नव्हती.

"साहेब, डबी सापडली, हे ह्यांस्नी सांगा."

"सांगायचं काय त्यात? कळलंच असेल."

"कळलं न्हाई."

भाऊसोंनी मला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आलं, ही बाई आहे म्हणजे उद्या हे कुठंतरी छापून येईल. त्यांना तसं वाटू द्यायला माझी हरकत नव्हती. ते डंपरवाल्यांच्या दिशेनं अर्धवट वळले आणि म्हणाले, "डबी गाडीतच होती. स्टेपनीत. चुकून."

"आणि?" राजाराम म्हणाला.

"आणि काय?"

"म्या इकली न्हाई."

एक डंपरवाला चहाचा कप तसाच धरून थांबला. पुतण्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला होता, तो मोबाइलात बघायला लागला. भाऊसोंना हे सगळं आवडत नव्हतं, हे त्यांच्या मानेवर दिसत होतं. नोकराला कामावर ठेवणं त्यांना सोपं होतं, काढणं त्याहून सोपं. हे तिसरं त्यांनी कधी केलेलं नव्हतं. मला वाटलं, आता किल्ली मागणार. राजारामलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं मूठ उघडली आणि तळहात पुढं धरला. घ्यायची तर घ्या, असा.

भाऊसोंनी किल्ली घेतली नाही. मग म्हणाले, "खरातनं काही विकलेलं नाही. काही घेतलेलं नाही. मी बोललो ते चुकीचं बोललो." आवाज मोठा होता, तरी शेवटचे शब्द त्यांनी रस्त्याकडं बघून म्हटले. "झालं?"

"झालं."

"आणि ते चाकांना रजा देणं बंद. माझ्या गाडीचं चाक मला विचारल्याशिवाय निघायचं नाही."

"इच्यारीन," राजाराम म्हणाला. "पर दर म्हैन्याला इच्यारीन. सांगलीवाल्याकडनं पाचव्यात डबी घालून घ्या, मग रजा देता यील."

डंपरवाल्यांत कुणीतरी हसलं. भाऊसो हसले नाहीत. राजाराम पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि गाडी चालू केली. रोज तो मागचं दार उघडून धरतो, साहेब बसले की अलगद लावतो. आज त्यानं ते केलं नाही. भाऊसो क्षणभर बंद दारापाशी उभे राहिले, मग स्वतः उघडून बसले.

मुक्ताबाईला मी संध्याकाळी विचारलं, उद्यापासून तरी उघडणार का दार?

"मला कुठलं सांगत्यात," ती म्हणाली. "बूट मात्र आज घासले न्हाईत."